औषधाची परीक्षा आणि रुग्णाची संमती



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी गणिताच्या तासाला खिडकीबाहेर पाहत असे, त्याच शाळेच्या सभागृहात, त्याच गणिताच्या सरांच्या स्मृत्यर्थ होणाऱ्या व्याख्यानासाठी मला उभे करण्यात आले, याचा आनंद आहे आणि संकोचही आहे. सरांना भाषणे फारशी आवडत नसत. फळ्याजवळ गेलेला मुलगा उगाच प्रस्तावना करू लागला की ते म्हणत, "उदाहरण सोडवून दाखव." त्यांच्या त्या आज्ञेला स्मरून आज मी एक उदाहरण सोडवून दाखवणार आहे. ते माझ्या व्यवसायातले आहे, आणि त्यात एका पायरीवर माझी स्वतःची चूक आहे. ती आल्यावर मी सांगेनच.

इंदुरात मी तीस-पस्तीस वर्षे वैद्यकी केली. माझ्याकडे येणारे रुग्ण दुर्मिळ आजारांचे नव्हते. रक्तदाब, मधुमेह, दमा, गुडघेदुखी, आम्लपित्त, म्हणजे आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात एकतरी असतो असेच हे आजार. नव्या औषधांच्या चाचण्यांना माणसे हवी असतात ती बव्हंशी अशाच आजारांची. 'मधुमेहाच्या रुग्णांसाठी अभ्यास; तपासण्या व औषधे मोफत' असा कागद दवाखान्याच्या भिंतीवर कधी दिसतो, कधी खुद्द आपले डॉक्टरच विचारतात, "एका अभ्यासात सामील होता का?" निवृत्तीनंतर मला सर्वांत अधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच आहे, की अशा वेळी हो म्हणावे की नाही. विचारणाऱ्यांचे मत बहुधा आधीच ठरलेले असते. कोणी म्हणतो, आम्हाला उंदीर करतात. कोणी म्हणतो, फुकट औषध मिळते तर का सोडा. दोघांनाही चाचणी म्हणजे नेमके काय हे कोणी सांगितलेले नसते.

तर आधी हे पाहू, की चाचणी लागतेच कशाला? डॉक्टरने नवे औषध दिले, रुग्णाला बरे वाटले, एवढे पुरावा म्हणून पुरे का नाही?

याचे उत्तर मला वैद्यकीय महाविद्यालयात मिळाले नाही. ते इथे, आठवीच्या वर्गात मिळाले. सहामाही परीक्षेत गणितात सर्वांत कमी गुण मिळालेल्या दहा मुलांना सरांनी महिनाभर शाळा सुटल्यावर थांबवून घेतले होते. पुढच्या परीक्षेत त्यांतल्या सात-आठ जणांचे गुण वाढले. मुख्याध्यापकांनी सरांच्या कडक शिस्तीचे कौतुक केले. सर वर्गात येऊन आम्हाला म्हणाले, "मी यांना काही शिकवलं नाही. नुसतं बसवून ठेवलं होतं." मग त्यांनी फळ्यावर वरच्या दहा मुलांचे गुण लिहिले. त्या दहांना बक्षिसे मिळाली होती, आणि त्यांतल्या बहुतेकांचे गुण कमी झाले होते. "मग आता बक्षीस दिलं की मुलं बिघडतात असं म्हणायचं का?" सरांनी विचारले. ज्याचा दिवस फार वाईट गेला त्याचा पुढचा दिवस बहुधा जरा बरा जातो, आणि ज्याचा फार चांगला गेला त्याचा जरा कमी चांगला. यात ना शिक्षेचा हात ना बक्षिसाचा.

रक्तदाबाचे अगदी असेच आहे. माणूस दवाखान्यात येतो तो डोके जड झाल्यावर, भांडण झाल्यावर, रात्रीची झोप गेल्यावर, म्हणजे आकडा चढलेला असतानाच. महिन्याने पुन्हा मोजला तर काहीही न करता तो थोडा उतरलेला सापडतो. मधल्या काळात मी जे काही दिले असेल, मग ती गोळी असो, काढा असो की अंगारा असो, त्याला यश मिळते. शिवाय औषध घेतले या समाधानानेही बरे वाटते, आणि डॉक्टरला बरे वाटावे म्हणूनही रुग्ण 'फरक आहे' म्हणतो. मालव्यातला रुग्ण तर विशेषच सभ्य; त्याला डॉक्टरचे मन मोडवत नाही.

या सगळ्यातून औषधाचा खरा गुण वेगळा काढायचा तर एकच मार्ग सापडला आहे. सारख्या रुग्णांचे दोन गट करायचे, एकाला नवे औषध द्यायचे, दुसऱ्याला जुने औषध किंवा औषधासारखीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी द्यायची, आणि बाकी सर्व सारखे ठेवून दोन्ही गटांकडे सारख्याच नजरेने पाहायचे. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरने ठरवायचे नाही, रुग्णाने ठरवायचे नाही. ते चिठ्ठीने ठरायचे. डॉक्टरने ठरवले तर तो नकळत बऱ्यापैकी प्रकृतीची माणसे नव्या औषधाकडे ढकलतो; त्याचे त्या औषधावर प्रेम बसलेले असते. आणि कोणाला काय मिळते आहे हे शक्यतो रुग्णालाही कळू द्यायचे नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही.

ही पद्धत आज सर्वमान्य असली तरी फार जुनी नाही. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारी वैद्याने स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या करून त्यांना सहा वेगवेगळे उपाय दिले, आणि संत्री व लिंबे मिळालेली जोडी भराभर बरी झाली, ही कथा आपण ऐकली असेल. पण चिठ्ठीने गट पाडण्याची शिस्त वैद्यकात रुजली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. स्ट्रेप्टोमायसीन हे क्षयावरचे नवे औषध अमेरिकेत निघाले होते आणि ब्रिटनकडे ते फार थोडे होते. सर्व रुग्णांना पुरणे शक्यच नव्हते. तेव्हा ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने, ज्याला स्वतःला तरुणपणी पहिल्या महायुद्धाच्या काळात क्षय झाला होता, त्या टंचाईचाच उपयोग करून घेतला. बंद लिफाफ्यांत गट लिहून ठेवले गेले. ५५ रुग्णांना स्ट्रेप्टोमायसीन आणि विश्रांती मिळाली, ५२ जणांना नुसती विश्रांती, जी त्या काळची रूढ चिकित्साच होती. सहा महिन्यांनी पहिल्या गटात चार मृत्यू झाले होते, दुसऱ्या गटात चौदा. छातीच्या क्ष-किरण चित्रांचा निर्णय करणाऱ्यांना कोणते चित्र कोणत्या गटातले हे ठाऊक नव्हते. १९४८ साली हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला आणि वैद्यकाची विचार करण्याची रीतच बदलली.

या गौरवशाली चाचणीतली एक गोष्ट मी विद्यार्थिदशेत वाचूनही माझ्या लक्षात राहिली नव्हती. ज्यांना औषध मिळाले नाही त्या रुग्णांना आपण एका चाचणीत आहोत हे सांगितलेले नव्हते. तो मुद्दा पुढे येईल.

मला स्वतःला सर्वांत जवळची वाटते ती मद्रासची चाचणी. १९५६ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून तेथे क्षयाच्या चिकित्सेचे केंद्र काढले आणि वॉलेस फॉक्स हे त्याचे प्रमुख झाले. त्या काळी क्षयाचा रुग्ण म्हणजे आरोग्यधामात पाठवायचा, हवा, दूध, अंडी, अंथरुणावर विश्रांती, असा जगभर समज होता. आपल्याकडे लक्षावधी रुग्ण आणि खाटा मूठभर. प्रश्न असा घातला गेला, की तीच औषधे रुग्णाने घरी राहून घेतली तर? सुमारे दोनशे रुग्णांचे चिठ्ठीने दोन गट केले. एक गट आरोग्यधामात गेला. दुसरा मद्रासच्या दाट वस्तीतल्या आपल्या खोल्यांत राहिला, जिथे अन्न निकृष्ट, विश्रांती जवळजवळ नाही, आणि एका खोलीत सारे कुटुंब. घरच्या गटावर नजर होती. अचानक भेटी देऊन गोळ्या मोजल्या जात, लघवी तपासून औषध पोटात गेले की नाही हे पाहिले जात. १९५९ साली निष्कर्ष आले. वर्षअखेर घरचे रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णांच्या जवळपास बरोबरीने बरे झाले होते, आणि ज्याची सर्वांत मोठी भीती होती ती गोष्ट, म्हणजे घरातल्या इतरांना अधिक प्रमाणात लागण होणे, तीही दिसली नाही. पुढे जगातली आरोग्यधामे एकामागून एक बंद झाली. बायकामुलांना सोडून दोन-दोन वर्षे कुठल्या तरी टेकडीवर पडून राहण्याची वेळ नंतरच्या पिढ्यांवर आली नाही, याचे श्रेय त्या दोनशे मद्रासी गरिबांना आहे. त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत.

म्हणून 'आम्हाला उंदीर करतात' म्हणणाऱ्याला मी प्रथम हे सांगतो, की आज तुम्ही घेत असलेली प्रत्येक गोळी कोणीतरी तुमच्या आधी, ती गुणकारी आहे की नाही हे ठाऊक नसताना, घेतलेली आहे.

आता एक विपरीत उदाहरण. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसांच्या हृदयात जादा ठोके पडत असतील तर पुढे अकस्मात मृत्यूचा धोका अधिक असतो, हे ठाऊक होते. ते ठोके दाबणारी एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे निघाली. आलेखावर ठोके खरोखरच नाहीसे होत. डॉक्टर खूश, रुग्ण खूश. अमेरिकेत रीतसर चाचणी झाली, तेव्हा सुमारे दीड हजार रुग्णांत ही औषधे मिळालेल्यांपैकी ६३ जण दगावले आणि लटकी गोळी मिळालेल्यांपैकी २६. १९८९ सालीच चाचणीचा तो भाग मध्येच थांबवावा लागला. आलेख सुधारत होता आणि माणूस मरत होता. चाचणी झाली नसती तर आम्ही सारे ती औषधे सद्भावनेने देत राहिलो असतो. चाचणीत ज्यांना 'खरे औषध मिळाले नाही' तेच त्या वेळी भाग्यवान ठरले, हेही लक्षात असू द्यावे.

सामान्य आजारांच्या चाचण्यांना एवढी माणसे का लागतात, असे विचारतात. क्षयाच्या त्या चाचणीत फरक ठळक होता, १०७ रुग्णांत दिसला. पण रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांत नवे औषध जुन्यापेक्षा थोडेच सरस असते, आणि ते 'थोडे' शंभर माणसांत दिसत नाही. हृदयविकाराच्या झटक्यात ॲस्पिरिनची गोळी द्यावी की नाही, हा प्रश्न १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १६ देशांतले १७,१८७ रुग्ण घेऊन सुटला. पाच आठवड्यांत लटकी गोळी मिळालेल्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने १,०१६ मृत्यू झाले, ॲस्पिरिन मिळालेल्यांत ८०४. शेकडा हिशेब केला तर ११.८ आणि ९.४. शंभर रुग्ण पाहणाऱ्या माझ्यासारख्याला हा फरक आयुष्यात कळला नसता. पण झटका येणाऱ्यांची जगातली संख्या पाहिली तर त्या दोन-अडीच टक्क्यांत केवढी माणसे मावतात! ब्रिटनमधल्या मधुमेहाच्या प्रसिद्ध चाचणीत १९७७ पासून ५,१०२ नवे रुग्ण घेतले गेले आणि निष्कर्ष १९९८ साली आले. 'साखर ताब्यात ठेवा, डोळे आणि मूत्रपिंडे वाचतील' असे जे मी इतक्या ठामपणे सांगत आलो, त्या ठामपणामागे त्यांची वीस वर्षे आहेत.

प्रत्येक चाचणीत गोळीच असते असेही नाही. चेन्नईत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ माणसांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली आले. काहीच न केलेल्या गटात तीन वर्षांत शंभरापैकी ५५ जणांना मधुमेह झाला. चालणे आणि आहार यांवर लक्ष ठेवलेल्या गटात सुमारे ३९ जणांना. पोहे-जिलबीने ज्यांचा दिवस उगवतो अशा आपल्या गावासाठी मी हा आकडा मुद्दाम सांगतो. पुढे बोलत नाही, कारण चहापानाची व्यवस्था काय आहे ते मी येताना पाहिले आहे.

आता रुग्णाच्या बाजूने पाहू. तुमच्या डॉक्टरने विचारले, तुम्ही तयार झालात, म्हणजे लगेच घेतले जाल असे नाही. वय अमुक ते अमुक, रक्तदाब अमुक ते अमुक, मूत्रपिंडे ठीक, गर्भारपण नाही, अशी गाळणी असते. त्यातून पार पडलात की पुष्कळ रक्तदाबाच्या चाचण्यांत एक पायरी असते, जिचे नाव ऐकायला निरुपद्रवी वाटते: शरीरातले जुने औषध धुऊन जाऊ देण्याचा काळ. म्हणजे तुम्ही रोज घेत असलेली गोळी दोन ते चार आठवडे बंद करायची. त्याशिवाय नव्या गोळीचा गुण जुनीपासून वेगळा कळत नाही. शास्त्राच्या दृष्टीने हे बरोबर आहे, आणि नीट लक्ष ठेवले तर धोका थोडा आहे. पण त्या आठवड्यांत जे होते ते तुमच्या भल्यासाठी होत नाही. ते चाचणीच्या भल्यासाठी होते. हे वाक्य रुग्णाला स्पष्ट शब्दांत सांगणे डॉक्टरला फार कठीण जाते.

इथे माझ्या चुकीची पायरी येते.

२००६ साली रक्तदाबाच्या एका नव्या औषधाची जुन्या औषधाशी तुलना करणारी चाचणी माझ्याकडे आली. कोणत्या कंपनीची, कोणत्या रुग्णालयात, हे सांगण्याची गरज नाही. चूक त्यांची नव्हती. पत्रके आली, मला दर रुग्णामागे मानधन ठरले. हे मानधन मिळते हे मी त्या वेळी कोणाही रुग्णाला सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही. माझ्याकडे वर्षानुवर्षे येणारा एक गृहस्थ होता. १९९१ साली हुकुमचंद मिल बंद पडली तेव्हा नोकरी गेलेला, नंतर एका दुकानात हिशेब लिहिणारा, मराठी घरातला, सातवी शिकलेला. मी त्याला म्हटले, "एक नवीन गोळी आली आहे, अभ्यासात तुमचं नाव घालू का? तपासण्या सगळ्या फुकट होतील." तो म्हणाला, "साहेब, तुम्ही म्हणता तर विचारायचं काय? सही कुठे करायची ते दाखवा." मी बोट ठेवले, त्याने सही केली. बारा पानांचे पत्रक त्याने घरी नेले आणि जपून, मला नंतर कळले, देवघराच्या फळीवर ठेवले.

जुनी गोळी बंद केल्यावर तिसऱ्या आठवड्यात सकाळी नळावर पाणी भरताना त्याला चक्कर आली आणि तो पडला. रक्तदाब फार चढला होता. सुदैवाने डोक्याला किरकोळ मार लागला, दोन दिवसांत तो घरी गेला. नियमाप्रमाणे मी त्याला चाचणीतून काढले, जुनी गोळी सुरू केली, अहवाल भरून पाठवला. कागदावर सर्व व्यवस्थित होते. त्याची सून मला म्हणाली, "डॉक्टरांनीच गोळी बंद केली म्हणून बाबांनी घेतली नाही. का बंद केली ते त्यांना ठाऊक नव्हतं." आणि तो स्वतः खाली मान घालून म्हणाला, "साहेब, मला काढलं का? माझं काही चुकलं का?" आपली निवड काही खास उपचारासाठी झाली होती आणि आपण त्याला नालायक ठरलो, अशी त्याची समजूत होती. त्या समजुतीचा अर्धा भाग मी माझ्या बोलण्यातून त्याला दिला होता, उरलेला माझ्यावरच्या विश्वासातून त्याने स्वतः भरून काढला होता. मी त्याला "नाही हो, तसं काही नाही" म्हटले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

त्याच महिन्यात आपल्या सरांनाही मी विचारले होते. ते तेव्हा बहात्तर वर्षांचे, रक्तदाबाचे जुने रुग्ण. त्यांनी सही केली नाही. पत्रक घेऊन ते रामबागेतल्या घरी गेले आणि चार दिवसांनी आले तेव्हा पत्रकावर लाल शाई होती. पत्रक हिंदीत होते, कुठल्या तरी दूरच्या कचेरीत इंग्रजीवरून उतरवलेले. 'यादृच्छिक' या शब्दाखाली दोन रेघा होत्या. "अरे, हा शब्द मला संस्कृत येतं म्हणून कळला," सर म्हणाले. "तुझ्या बाकीच्या रुग्णांना कळतो? सरळ 'चिठ्ठी टाकून' असं का लिहीत नाहीत?" समासात त्यांनी सात प्रश्न लिहिले होते. जुनी गोळी किती दिवस बंद, आणि त्या दिवसांत रक्तदाब कोण, किती वेळा मोजणार? मध्येच सोडायचे ठरवले तर तुझ्याकडचे नेहमीचे उपचार चालू राहतील ना? मला काही झाले तर खर्च कोणाचा, आणि तो कुठे लिहिला आहे? तुला यातून काय मिळते? नव्या गोळीचे ज्ञात त्रास कोणते? अभ्यास संपल्यावर नवी गोळी चांगली ठरली तर ती मला परवडेल का? आणि सातवा, मला कोणती गोळी मिळत होती हे शेवटी कळवणार का?

चौथ्या प्रश्नाला मी लाजत उत्तर दिले. सातव्याचे उत्तर मला ठाऊक नव्हते. सरांनी मात्र सही केली. "विचारून घेतल्यावर मग काय," म्हणाले. बारा महिने ते ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, उरलेल्या गोळ्या मोजून पुडीत घेऊन येत.

बंधुभगिनींनो, संमती हा शब्द वैद्यकात सुखासुखी आलेला नाही. जर्मनीतल्या छळछावण्यांत डॉक्टरांनी कैद्यांवर केलेले प्रयोग न्यायालयात उघड झाले, आणि १९४७ सालच्या न्यूरेंबर्गच्या संहितेचे पहिलेच कलम माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती हे झाले. १९६४ साली हेलसिंकीचा जाहीरनामा आला. आणि हे सर्व चालू असताना अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या टस्किगी येथे, १९३२ पासून १९७२ पर्यंत उपदंश झालेल्या ३९९ गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना त्यांचा आजार न सांगता, पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही ते न देता, नुसते पाहत राहण्याचा सरकारी उद्योग चालला होता. तेथेही माणसे आली ती फुकट तपासणीच्या ओढीने आणि डॉक्टरवरच्या विश्वासाने.

आपल्या देशात २००५ साली नियम बदलले आणि जगभराच्या चाचण्यांना भारताचे दार मोठे उघडले. रुग्ण भरपूर, आजार सामान्य, खर्च कमी, आणि डॉक्टरला प्रश्न न विचारणारी माणसे. पाच-सहा वर्षांतच आपल्या इंदुरातल्या औषधचाचण्यांचा प्रश्न वर्तमानपत्रांत आणि विधानसभेत गाजू लागला. इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २०१३ साली चाचणीमुळे इजा किंवा मृत्यू झाल्यास भरपाई देण्याचे नियम निघाले, नीतिसमित्यांची नोंदणी सक्तीची झाली, आणि संमती घेताना ध्वनिचित्रमुद्रण करण्याचा आदेश आला. तो पुढे दुर्बल गटांतील रुग्ण आणि अगदी नवी औषधे यांच्यापुरता ठेवण्यात आला. २०१९ साली हे सारे एका नव्या नियमावलीत बांधले गेले. आज कोणत्याही औषधचाचणीला नीतिसमितीची मान्यता लागते. त्या समितीत किमान सात सदस्य असतात, निम्मे त्या संस्थेबाहेरचे, त्यांत एक कायदा जाणणारा, किमान एक स्त्री, आणि एक तुमच्यासारखा सामान्य नागरिक. इजा झाली तर उपचार मोफत द्यावे लागतात. आणि पहिला रुग्ण घेण्याआधी चाचणीची नोंद देशाच्या सार्वजनिक नोंदवहीत व्हावी लागते. ही नोंदवही २००७ साली सुरू झाली, औषधचाचण्यांना २००९ पासून ती सक्तीची आहे, आणि घरच्या संगणकावर ती कोणालाही पाहता येते. कोणी तुम्हाला चाचणीत बोलावले तर नोंदणीचा क्रमांक मागा. तो सांगायला जो कां-कूं करील त्याच्याकडून उठून यावे.

नियमांविषयी याहून अधिक बोलत नाही. मी सही घेतली तेव्हाही नियम होते. पत्रक नियमाप्रमाणेच छापलेले होते. त्या गृहस्थाला अडवले ते नियमांच्या अभावाने नव्हे. माझ्या घाईने आणि त्याच्या भिडेने. भीड हा आपल्याकडचा मोठा आजार आहे आणि त्यावर अजून एकही गोळी चाचणीत आलेली नाही. डॉक्टरला प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे आपल्या घरांत शिकवले जाते. सरांनी मला सात प्रश्न विचारले तेव्हा त्यांचा माझ्यावर अविश्वास होता असे मला क्षणभरही वाटले नाही. उलट त्या दिवसापासून चाचणीची माहिती देताना मी खुर्ची टेबलाच्या त्यांच्या बाजूला ओढून बसू लागलो, पत्रक घरी देऊन किमान दोन दिवस सही घेईनासा झालो, आणि शेवटी रुग्णालाच म्हणू लागलो, "आता तुम्ही मला सांगा, आपण काय करणार आहोत ते." हे शेवटचे फार उपयोगी आहे. रुग्ण सांगू लागला की आपण काय सांगितले नाही ते कळते.

चाचणी संपल्यावर सरांचा सातवा प्रश्न मी लिहून पाठवला. पुष्कळ महिने उत्तर आले नाही, मी दोनदा आठवण केली, आणि अखेर एक छापील पत्र आले. सरांना जुनीच गोळी मिळत होती. नवी तिच्याइतकीच ठरली होती, सरस नव्हे. मी ते पत्र घेऊन रामबागेत गेलो. सरांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि हसले. "म्हणजे वर्षभर मी तुलनेचा गट होतो," म्हणाले, "चांगलं आहे. त्याच्याशिवाय उदाहरण सुटत नाही." मग पत्राची घडी करता करता त्यांनी विचारले, "आणि सुरुवातीला माझ्या शेजारी बाकावर बसायचा, मिलमधला, तो मध्येच दिसेनासा झाला. त्याला कळवलंस का काय झालं ते?"

मी कळवले नव्हते. एका रुग्णाची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नसते या आडोशाने मी गप्प राहिलो. सरांना कळायचे ते कळले असावे, कारण त्यांनी पुन्हा विचारले नाही.

पुढच्या रविवारी मी त्या गृहस्थाच्या घरी गेलो. डॉक्टर घरी आले म्हणून त्याची धावपळ झाली, सुनेने चहा टाकला. फळीवरचे पत्रक मी खाली काढायला लावले आणि त्याच्या शेजारी बसून पहिल्या पानापासून त्याला वाचून दाखवले. गोळी का बंद केली होती, चिठ्ठी कशासाठी, मला पैसे किती मिळणार होते, आणि तो पडला त्या दिवशी मी त्याला काय सांगायला हवे होते. पाऊण तास लागला. त्याने मध्ये एकदाही अडवले नाही. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे साहेब, मी नापास नव्हतो झालो."

मी म्हटले, "नाही. परीक्षा गोळीची होती."

"मग हे तेव्हाच सांगितलं असतं तर मी सही केलीच असती," तो म्हणाला, आणि सुनेला चहात साखर कमी घालायला सांगितले.